नाला नकाशावर आणताना: विकास योजनेवर हरकत नोंदवण्याचा माझा अनुभव

आमच्या शहराची पुढच्या वीस वर्षांची प्रारूप विकास योजना जाहीर झाली, तेव्हा त्यातला एकच शब्द मला माहीत होता: डीपी रोड, म्हणजे विकास योजनेत (डेव्हलपमेंट प्लॅनमध्ये) आखलेला रस्ता. नागपूरकडे हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. कोणाचं अंगण, कोणाचं कुंपण 'डीपी रोडमध्ये गेलं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. बाकी हरकत, सुनावणी, नियोजन समिती, कलम २६, कलम २८ हे सगळं मी गेल्या दीड वर्षात शिकले. शिकताना खूप धडपडले, दोनदा रडले, आणि प्रत्येक वेळी वाटलं की हे आधी कोणी साध्या भाषेत सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही नागपूरच्या दक्षिणेला राहतो. पूर्वी इथं साधं गाव होतं, आता नगरपरिषद आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण अनेकांची प्रकरणं अजून पूर्ण झालेली नाहीत. विमानतळाजवळचा मिहान प्रकल्प आला, खापरीपर्यंत मेट्रो आली, एम्स आलं, शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुरू झाला, आणि आमच्याकडच्या वावरांत चुन्याच्या रेघा पडायला लागल्या. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. आमचा प्लॉट तीस बाय पन्नास फुटांचा, म्हणजे पंधराशे चौरस फूट. नियमितीकरणाचं आरएल लेटर मिळायलाच आम्हाला सहा वर्षं लागली होती, त्यामुळे सरकारी कागदाची भीती मनात आधीपासून होती.

४ जुलै २०२४ ला संध्याकाळी लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी वर्तमानपत्रातल्या सूचनेचा फोटो टाकला. अक्षर इतकं बारीक की मोठं करून वाचावं लागलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६, कलम २६ अन्वये प्रारूप योजना प्रसिद्ध, हरकती व सूचना तीस दिवसांत. ग्रुपवर सगळे म्हणाले, अजून महिना आहे. मीही तेच समजले.

इथं पहिली गोष्ट सांगते. हे तीस दिवस सूचना राजपत्रात आली त्या तारखेपासून मोजतात, आपण फोटो पाहिला त्या दिवसापासून नव्हे. आमची सूचना २७ जूनच्या राजपत्रात होती. म्हणजे मुदत २७ जुलैला संपणार, आणि २७ जुलैला शनिवार. शनिवारी कार्यालय बंद. म्हणून मी शुक्रवार, २६ जुलै हीच शेवटची तारीख धरली. म्हणजे कळलं तेव्हा आठवडा आधीच गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून नगरपरिषदेत गेले. त्याआधी तासभर चुकीच्या कार्यालयात घालवला होता, तेही सांगायला हवं. नागपूरच्या आसपास कोणत्या जमिनीचं नियोजन कोणाकडे, हा गुंता मोठा आहे. १९३६ पासूनचं नागपूर सुधार प्रन्यास आहे, महानगरपालिका आहे, २०१७ मध्ये स्थापन झालेलं महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे, आणि काही ठिकाणी नगरपरिषद स्वतःच नियोजन प्राधिकरण असते. लेआउटचे जुने कागद एका कार्यालयाचे होते म्हणून मी तिकडे गेले. आमच्या हद्दीची नवी योजना मात्र नगरपरिषदेची होती. सूचनेत वरच्या बाजूला कोणत्या प्राधिकरणाचं नाव आहे ते आधी नीट वाचा, मग घराबाहेर पडा.

नकाशा एका खोलीत भिंतीवर लावलेला होता. पिवळा म्हणजे रहिवासी, निळा म्हणजे वाणिज्य, जांभळा म्हणजे औद्योगिक, फिका हिरवा म्हणजे शेती, आणि मध्ये मध्ये क्रमांक घातलेले आरक्षणांचे तुकडे. भोवती पंधरा-वीस माणसं, प्रत्येकाचं बोट आपापलं घर शोधतंय. प्रमाण १:४०००. याचा अर्थ नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. आमचा अख्खा प्लॉट त्यावर चार मिलिमीटरपेक्षाही कमी लांबीचा, तांदळाच्या दाण्याएवढा. आणि त्या दाण्याच्या टोकावरून एक दुहेरी रेघ गेलेली. अठरा मीटरचा प्रस्तावित रस्ता.

मी तिथल्या बाकावर बसले. बारा वर्षांचं कर्ज, फाटक, पायऱ्या, सासूबाईंनी लावलेली तुळस, सगळं डोळ्यांपुढे आलं. एका कर्मचाऱ्यानं पाणी दिलं आणि म्हणाला, "मॅडम, भिंतीवरच्या नकाशावरून काही ठरवू नका. खसरा नंबर द्या, भाग नकाशा घ्या." खसरा नंबर म्हणजे जमिनीचा सर्व्हे क्रमांक. तो माणूस मला नंतरही पुष्कळ उपयोगी पडला. भाग नकाशाची, म्हणजे आपल्या जागेपुरत्या नकाशाची, रंगीत प्रत, अर्ज आणि शुल्क मिळून त्या दिवशी तीनशेच्या आसपास खर्च आला, प्रत चार दिवसांनी मिळाली. ती घेऊन टेपनं मोजलं तेव्हा कळलं की घर वाचतंय, पण पुढची दोन मीटर जागा रस्त्यात जाते. फाटक, पायऱ्या, तुळस.

माझी पहिली हरकत त्याच रात्री लिहून झाली. दीड पान. त्यात 'अन्याय' हा शब्द सहा वेळा होता.

आमच्या मागच्या गल्लीत नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक आरेखक राहतात. त्यांना दाखवायला नेली. त्यांनी वाचून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण समितीला दुःख मोजता येत नाही. मौजा लिहा, खसरा लिहा, किती मीटर जातं ते लिहा. आणि मुख्य म्हणजे, हे इथं नको तर कुठं हवं ते दाखवा. रस्ता तर शहराला लागणारच." मग त्यांनी विचारलं, "योजनेचा अहवाल वाचला का?"

अहवाल असतो हेच मला माहीत नव्हतं. नकाशासोबत एक जाड पुस्तक असतं, त्यात शहर किती वाढेल याचा अंदाज आणि त्यावरून शाळा, दवाखाने, मैदानं, रस्ते किती लागतील याचं गणित असतं. माझ्या मते नकाशाच्या आधी ते वाचावं. भारतात २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे सगळे अंदाज २०११ च्या आकड्यांवर उभे. नागपूर शहराची २०११ ची लोकसंख्या २४,०५,६६५. पण आमच्यासारख्या काठावरच्या वस्त्या त्यानंतरच भरल्या. त्या वर्षी आमच्या लेआउटमध्ये नऊ घरं होती, आता एकशे चाळीस आहेत. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत पाच हजार वस्तीमागे एक प्राथमिक शाळा आणि माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा धरतात. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा नकाशावरच्या आरक्षणांचा राग कमी आला. आमच्या भागात मुलांना खेळायला एकही मैदान नाही. ते कुठेतरी असायला हवंच, आणि कोणाच्या तरी जमिनीवरच येणार.

ते आलं होतं आमच्या शेजारच्या काकाजींच्या वावरावर.

काकाजी सत्तरीचे. लेआउटच्या कुंपणाला लागून त्यांचं अडीच एकर वावर, अजून सोयाबीन आणि तूर घेतात. त्यांना घेऊन मी ९ जुलैला पुन्हा नकाशा पाहायला गेले. 'प्राथमिक शाळा व खेळाचे मैदान' असं आरक्षण, सव्वा एकराच्या वर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी जमीन गेली का, बाई?"

हा प्रश्न त्या खोलीत रोज कितीतरी जण विचारत होते, म्हणून उत्तर इथं जरा सविस्तर लिहिते. आरक्षण पडलं म्हणजे जमीन त्या दिवशी जात नाही. सातबारावर नाव आपलंच राहतं, शेती करता येते. घेताना प्राधिकरणानं ती वाटाघाटीनं मोबदला देऊन, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन किंवा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं घ्यायची असते. समावेशक आरक्षण म्हणून एक वाट आहे, त्यात मालक स्वतः काही भाग विकसित करून ठरलेला भाग प्राधिकरणाला देतो. अंतिम योजना लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. दहा आणि दोन, बारा वर्षं. काकाजींनी बोटांवर मोजलं आणि नुसते हसले. मला पुढे काही बोलवेना.

मग त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "पण इथं शाळा कशी बांधतील? इथून तर नाला जातो."

मी पाहिलं. नकाशावर नाला नव्हताच. वरच्या अंगाला, पांदणीपर्यंत, निळी रेघ होती. तिथून पुढे आमच्या लेआउटमागून, काकाजींच्या वावरातून, खालच्या वस्तीपर्यंत पिवळा रंग आणि त्या आरक्षणाचा चौकोन.

तो नाला आम्हाला चांगला माहीत होता. २२ सप्टेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, हे सगळ्यांनी पाहिलं. आमच्या कोपऱ्यात कोणी कॅमेरे घेऊन आलं नाही, पण त्या पहाटे हाच नाला खालच्या गल्लीत गुडघाभर आला होता. आणि वीस वर्षांच्या नकाशात तो नसला, तर त्यावर उद्या बांधकामाला परवानगी मागताना कोणी अडवणार नाही. पाणी मात्र त्याच वाटेनं येणार.

चूक कुठे झाली असावी, याचा अंदाज आरेखक काकांनी बांधला. योजना करण्याआधी कलम २५ प्रमाणे विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार करतात. आमच्याकडे ते सर्वेक्षण २०२३ च्या उन्हाळ्यात झालं होतं. दोन मुलं टॅब घेऊन गल्लीत फिरताना मीही पाहिली होती, चहा विचारला होता, पण कशासाठी आलात ते विचारलं नव्हतं. मे महिन्यात आमचा नाला म्हणजे कोरडी, बेशरमीच्या झुडपांनी भरलेली चारी. तुमच्या भागात असं सर्वेक्षण चालू असेल तर त्याच वेळी जाऊन नाला, विहीर, पांदण, स्मशानभूमी नोंदवली गेली की नाही ते बघा. तेव्हा पाच मिनिटांत होतं ते नंतर दीड वर्ष घेतं.

पंधरा दिवस उरले होते. माहितीच्या अधिकारात कागद मागवावे असं एकानं सुचवलं. दहा रुपयांत अर्ज होतो खरा, पण उत्तराची मुदत तीस दिवस. तोवर हरकतीची मुदत संपलेली. म्हणून थेट नकला मागितल्या. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत लगेच मिळाला. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नकल मिळायला तीन फेऱ्या लागल्या. पहिल्या दिवशी संबंधित माणूस रजेवर, दुसऱ्या दिवशी वीज नाही, तिसऱ्या दिवशी मिळाली. त्या जुन्या नकाशात दुहेरी वळणदार रेघेनं नाला स्पष्ट काढलेला होता, अगदी खालपर्यंत. मी तिथल्या तिथे काकाजींना फोन केला.

दुसरा कागद त्यांनीच सुचवला. "निस्तार पत्रक काढ बाई. त्यात सारं लिहून राहते." मी हा शब्द पहिल्यांदाच ऐकत होते. विदर्भातल्या गावांत गावकऱ्यांचे चराईचे, पाण्याचे, वाटेचे हक्क निस्तार पत्रकात आणि वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदलेले असतात, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातही त्यांची तरतूद आहे. पटवाऱ्याकडे गेलो, त्यांनी तहसीलच्या अभिलेख कक्षात पाठवलं. दोन दिवस, दोन अर्ज, नकलेचं शुल्क आणि झेरॉक्स. त्यात आमच्या मौजाच्या नाल्याची गुरांना पाणी पाजण्याची जागा म्हणून नोंद होती, आणि काकाजींच्या वावराच्या खालच्या अंगाला असलेल्या बोडीचीही, म्हणजे लहान तळ्याचीही. ती बोडी त्यांच्या वडिलांच्या काळात बुजली. अजूनही त्या भागात पाणी साचतं, म्हणून ते तिथं तूर लावत नाहीत.

२० जुलैला, शनिवारी, जोराचा पाऊस झाला. मी छत्री घेऊन नाल्यावर गेले आणि वीस फोटो काढले. फोटोवर तारीख आणि ठिकाण येईल अशी सोय फोनमध्ये आधी करून घ्या, पुढे त्याचा उपयोग होतो.

आता राहिला 'कुठं हवं' हा प्रश्न, आणि या सगळ्यात मला सर्वात जड गेलेलं काम तेच. आधी मी जवळची एक पडीक सरकारी जागा सुचवली. आरेखक काकांनी सातबारा उघडून दाखवला, त्यावर 'झुडपी जंगल' अशी नोंद. विदर्भात अशा जमिनीला वनाचे नियम लागतात, तिथं शाळा सुचवून उपयोग नाही. मग माझी नजर पलीकडच्या उंच वावराकडे गेली. जागा सपाट, रस्त्यालगत, पाणी साचत नाही. काकाजी माझ्यासोबत उभे होते. म्हणाले, "ते माझ्या चुलतभावाच्या पोराचं आहे. माझ्यावरचं उचलून त्याच्यावर टाकू का?"

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी काकाजी स्वतःच घरी आले. वावराचा वरचा तुकडा, आमच्या कुंपणाकडचा, तो शाळेला जाऊ द्यायला त्यांची तयारी होती. अर्धा एकर. नाल्याकडचा, बोडीचा भाग तेवढा सोडायचा. "शाळा होऊ द्या. पोट्टे पाण्यात नको बसायला." उरलेली जागा आमच्या आणि शेजारच्या लेआउटच्या पीयू जमिनीतून भरता येईल असं आम्ही मांडलं. या दोन सार्वजनिक उपयोगाच्या जागा त्या तुकड्याला लागूनच होत्या आणि वर्षानुवर्षं तिथं कचरा पडत होता. यासाठी आमच्या लेआउटमध्ये दोन बैठका झाल्या. काहींना पीयू जागेत मंदिर हवं होतं. दुसऱ्या बैठकीत वाद वाढला, तेव्हा सप्टेंबरच्या पुरात घरात पाणी आलेल्या खालच्या गल्लीतल्या दोन वहिनी उठून बोलल्या. मग ठराव झाला.

आम्ही तीन वेगळ्या हरकती केल्या: नाला, शाळेचं आरक्षण आणि माझं घर. एका अर्जात एकच विषय ठेवा, म्हणजे समितीला प्रत्येकावर वेगळा निर्णय देता येतो. ग्रुपवर छापील मजकुराच्या अर्जांची टूम निघाली होती, नाव बदलायचं आणि सही करायची. मला त्याचा फायदा दिसला नाही. असे अर्ज सुनावणीत एकत्र करून एकाच वेळी ऐकले गेले. त्याऐवजी नाल्याच्या अर्जाला आम्ही चौसष्ट घरांच्या सह्यांचं एक पत्र जोडलं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी 'प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य लिहिलं. ते जरूर लिहा.

२४ जुलैला अर्ज दिले. आवक कक्षासमोर दोन तास रांग. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. माझ्या पुढचे एक आजोबा पोच न घेता निघाले होते, त्यांना परत बोलावलं.

मग सुरू झालं थांबणं. ऑगस्ट, सप्टेंबर गेले. १८ ऑक्टोबरला सुनावणी असं कळलं, मी रजा टाकली. १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सुनावणी पुढे गेली. नोव्हेंबर निवडणुकीत गेला. डिसेंबरमध्ये नागपूरचं अधिवेशन, तेव्हा आमच्याकडच्या कोणत्याच कार्यालयात दुसरं काम हलत नाही. दर पंधरा दिवसांनी मी चौकशी करत राहिले. ते केलं नसतं तर सुनावणी चुकलीच असती, कारण पोस्टानं पाठवलेलं पत्र हातात पडलं २० जानेवारीला आणि सुनावणी होती २१ जानेवारीला. मला तारीख सूचना फलकावरच्या यादीतून आठवडाभर आधी कळली होती. यादीत आपला आवक क्रमांक शोधा, नावात चुका असतात.

२१ जानेवारी २०२५. वेळ सकाळी साडेदहाची. आमचा क्रमांक आला दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी. डबा आणि पाणी सोबत ठेवा. काकाजी धुवट धोतर-टोपीत, हातात सातबाराची पिशवी. आत लांब टेबलापलीकडे कलम २८ प्रमाणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीचे सदस्य, त्यांत नगररचना आणि अभियांत्रिकीची माहिती असलेले तज्ज्ञ. आम्हाला एकंदर दहाएक मिनिटं मिळाली. माझा आवाज कापत होता, म्हणून मी बोलण्याऐवजी कागद मांडले. भाग नकाशा, शेजारी त्याच प्रमाणात मोठा करून घेतलेला गाव नकाशा, दोन्हींवर नाला लाल पेननं. हे मोठं करून घेणं प्लॉटरवाल्याकडे एकशे साठ रुपयांत झालं, आणि सगळ्या खर्चात तेच सर्वात कामी आलं. एका सदस्यांनी दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले आणि शेजारच्यांना काही न बोलता दाखवले.

मग विचारलं, "आरक्षण काढायचं म्हणता, मग शाळा कुठे?"

मी उत्तर देण्याआधी काकाजी बोलले. "काढा म्हणत नाही साहेब. वरती सरकवा म्हणतो. माझ्याच वावरात." टेबलामागच्या सगळ्यांनी एकदम मान वर केली. त्यांनी काकाजींना बसायला खुर्ची दिली आणि निस्तार पत्रकाची नकल ठेवून घेतली.

माझ्या घराची हरकत शेवटी आली. अभियंता सदस्य सौम्यपणे म्हणाले की हा रस्ता दोन मुख्य रस्त्यांना जोडतो, पलीकडे सरकवला तर दोन पक्की घरं पूर्ण जातात, रुंदी मध्येच कमी करता येत नाही. मी पलीकडच्या घरांचं मोजमाप केलंच नव्हतं. त्यांनी केलं होतं. जागा देताना मोबदला किंवा त्याऐवजी चटई क्षेत्र (बांधकामाचं वाढीव क्षेत्र) मागण्याचा हक्क मला आहे, हेही त्यांनी सांगितलं. बाहेर आल्यावर काकाजींनी चहा पाजला आणि बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले.

११ फेब्रुवारीला स्थळपाहणी झाली. एक अभियंता आणि दोन कर्मचारी. नाल्याची रुंदी तीन ठिकाणी टेपनं मोजली. काकाजींनी बुजलेल्या बोडीची माती उकरून दाखवली, फेब्रुवारीतही ती ओलसर होती.

मे महिन्यात समितीच्या शिफारशींनंतर बदल केलेला नकाशा पाहायला मिळाला. नाला पांदणीपासून खालच्या वस्तीपर्यंत निळ्या रेघेनं दाखवलेला आहे, दोन्ही काठांना हिरवा पट्टा. शाळा आणि मैदान वर सरकलं, काकाजींचा अर्ध्या एकरापेक्षा थोडा जास्त भाग त्यात जातो, बाकी पीयू जमिनी. माझी हरकत अमान्य. शेऱ्यात एकच ओळ होती: 'रस्त्याची सलगता राखणे आवश्यक.' ती ओळ मी कितीतरी वेळा वाचली. वाईट अजूनही वाटतं.

आता योजना कलम ३० प्रमाणे शासनाकडे गेली आहे. कलम ३१ खाली मंजुरी मिळेल तेव्हा शासन त्यात बदल करू शकतं, आणि बदल मोठे असले तर ते पुन्हा प्रसिद्ध करून पुन्हा हरकती मागवतं. म्हणून नाला नकाशावर आला असला तरी काम संपलेलं नाही. सगळे कागद, पोचपावत्या आणि पेन ड्राइव्ह मी एका पेटीत ठेवले आहेत. त्याच्या दोन प्रती काकाजींच्या मुलाकडे आणि आरेखक काकांकडे आहेत, कारण या प्रक्रियेत माणसं बदली होतात, आजारी पडतात, आणि फाईल पुढच्याला सुरुवातीपासून समजावून सांगावी लागते. एकूण खर्च विचाराल तर नकला, नकाशे, छपाई, ऑटो धरून साडेतीन हजारांच्या आत आणि माझ्या साडेपाच रजा. वकील लागला नाही.

गेल्या आठवड्यात आमचं फाटक बिजागरीतून निघालं. वेल्डर आला तेव्हा मी त्याला खांब आत दोन मीटरवर घ्यायला सांगितले. तुळस सासूबाईंनी स्वतःच्या हातानं उचलून मागच्या अंगणात लावली. आधी दोन दिवस मरगळली होती, काल तिला नवी पानं दिसली.